मला लख्ख धुतले तेव्हा

मी एक जुने समुद्री शेवाळ आहे आणि सध्या माझा मुक्काम बेळगावच्या एका कॉलेजात, काचेच्या बरणीत आहे. हसू नका मित्रांनो. बेळगावात समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे.

माझा जन्म गोव्याच्या किनाऱ्यावरचा. पालकाच्या पानासारखे हिरवे, पातळ असे माझे रूप होते आणि मला त्याचा गर्वही होता. खरे सांगायचे तर ते रूप माझ्या एकट्याचे नव्हते. माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहत. माझ्यातून पाझरणारे अन्न त्यांना मिळे आणि ते पाण्यात रसायने सोडत. एका जातीच्या रसायनाने माझ्या पेशी वाढत. दुसरीच्या रसायनाने त्या एकमेकींना नीट धरून राहत आणि खडकाला चिकटायला मला मूळ फुटे. हे सगळे इतके गुपचूप चाले की मी कधी त्यांचे आभारही मानले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात प्रियदर्शनीने मला खडकावरून अलगद सोडवले. ती या कॉलेजात शेवाळांवर संशोधन करते. कणकुंबी, जांबोटीकडची घाटातली वळणे बस घेत असताना तिने माझी बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. सोबत समुद्राच्या पाण्याची एक बाटली होती. मला वाटले, हिच्या हाती मी सुखरूप आहे.

प्रियदर्शनीचे घर बेळगावातल्याच शहापूरच्या विणकरांचे. सूत उकळून स्वच्छ धुतल्याशिवाय त्याला रंग नीट चढत नाही, हे तिच्या हातांना लहानपणापासून माहीत. तोच न्याय तिने मला लावला. जिवाणू मारणारे औषध घालून तिने मला धुतले, एकदा नव्हे, तीनदा. मग उकळून गार केलेल्या खाऱ्या पाण्यात सोडले आणि म्हणाली, "आता कसं लख्ख झालं!"

लख्ख! चार दिवसांत माझ्या कडा सुटू लागल्या. मूळ गळाले. पेशी वाढत होत्या, पण कोणी कोणाला धरत नव्हते. दोन आठवड्यांत पानाचा लगदा झाला. मला फार भीती वाटत होती आणि ती सांगायला तोंड नव्हते.

प्रियदर्शनीच्या मार्गदर्शक पूर्णिमा मॅडमनी बरणी उजेडात धरली. "जिवाणूच काढून टाकलेस? मग याला आकार कोण देणार? पंधरा दिवस बघ. नाही सुधारलं तर टाकून दे."

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. पावसाळा लागला होता. खवळलेल्या समुद्रात त्या खडकांपर्यंत जाणे शक्य नव्हते. माझे जिवाणू उरले असतील तर त्या एका बाटलीत. ती धावतच मोरीकडे गेली. प्रयोगशाळेतले शिपाई भरमूआण्णा तिथे बाटल्या घासत होते.

"आण्णा, समुद्राच्या पाण्याची बाटली कुठं हाय?"

"धुतली की. लई वास मारत होती. तुम्हीच म्हटलासा, सगळं उकळत्या पाण्यानं धुवा म्हणून."

प्रियदर्शनी मटकन स्टुलावर बसली. मीही आशा सोडली.

भरमूआण्णा चाचरले. "रागावू नका आक्का. आमच्या जांबोटीत दह्याचं मडकं कधी सगळं रिकामं करत न्हाईत. विरजणापुरतं ठेवत्यात. माझा हात धजला न्हाय. वाईच पाणी काढून ठेवलंय."

खिडकीतल्या डब्यांमागून त्यांनी खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. तळाशी बोटभर गढूळ पाणी होते. प्रियदर्शनीने ते माझ्या बरणीत ओतले.

आठ दिवस काही झाले नाही. दहा झाले. बारा झाले. ती रोज भिंग लावून बघे आणि वहीत काहीतरी लिही. पंधराव्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी बरणी उचलली, सिंकवर नेली आणि तिरकी केली. लगदा सगळा तोंडाशी सरकला.

"मॅडम, थांबा!" प्रियदर्शनी ओरडली.

तिळाएवढे एक हिरवे पान तळाची काच धरून राहिले होते. ते मी होते.

आज मी पुन्हा हातभर झाले आहे. पाहुणे येतात, कौतुक करतात. औषधाची ती बाटली, विरजणापुरते माझे पाणी भरलेली, माझ्या शेजारीच असते आणि तिच्यावर प्रियदर्शनीने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'धुऊ नये'.

मित्रांनो, कधी आलात तर मला जरूर पाहा. फक्त 'एकटे किती छान वाढले' असे म्हणू नका. मी एकटे होते तेव्हा काय झाले, ते मला अजून आठवते.