गेरूचे हात आणि लोखंडी दार

मी गुहा बोलतेय. खडवलीच्या वरच्या टेकाडातली. दचकू नका, आत भूतबित काही नाही. थोडी वटवाघळं आहेत, पण ती तुमच्यापेक्षा शहाणी. निदान भिंतीवर नावं तरी कोरत नाहीत.

मला कुणी बांधलं नाही. पाण्यानं पोखरलं, वाऱ्यानं घासलं, झाली मी. मग कातडी गुंडाळलेली माणसं आली. माझ्या पोटात जाळ केला, हरणं भाजून खाल्ली आणि एक दिवस निघून गेली. त्यांची काळी राख अजून माझ्या तळाशी आहे.

पुढं खाली गाव वसलं आणि बायकांनी एक रीत पाडली. पोर सव्वा महिन्याचं झालं की आई त्याला घेऊन वर येणार, त्याचा तळहात गेरूत बुडवून माझ्या भिंतीवर उमटवणार. मग वाघोबा त्याला ओळखतो, उचलत नाही. तो ओला चिमुकला हात लागला ना, की मला गुदगुल्या व्हायच्या.

मग आगगाडी आली आणि तिच्या मागून हे पाहुणे. कल्याणला उतरायचं, बैलगाडीतनं हाडं खिळखिळी करत यायचं, नाकाला रुमाल लावून आत शिरायचं. एक जाडा तर कोपऱ्यात मुतला आणि बाहेर जाऊन म्हणतो, आत वास फार येतो.

एकदा मुंबईचे एक विद्वान आले, सोबत गोरा साहेब. भिंतीवरचे हात बघून दोघं नाचायचेच बाकी होते. रानटी माणसांचे हात म्हणे, हजारो वर्षांचे! गावात कुणाला विचारलं? छे. खरी जुनी ती राख, तर तिच्यावरच सतरंजी टाकून उकडलेली अंडी खात बसले. आणि महिन्याभरात मला लोखंडी दार बसलं. हात जपायचे म्हणून. कुणापासून? तर ज्यांनी ते उमटवले त्या बायकांपासून!

किल्ली मिळाली गावच्याच पोपटला, आणि पितळी बटणांचा कोट. कंदील वर धरून तो पाहुण्यांना थापा मारायचा, हा हात पार रामाच्या आधीचा. मला एवढा संताप यायचा, वाटायचं एखादा धोंडा सोडावा त्याच्या टाळक्यात.

एका सकाळी त्याची भावजय शेवंती आली. कडेवर सव्वा महिन्याची पोर, हातात गेरूची वाटी. आधीची दोन तिला लाभली नव्हती. दोन्ही इथवर येण्याआधीच गेली. ही तिसरी. म्हणून बाई अंगात कणकण असून चढ चढून आलेली.

पोपट दारात आडवा उभा राहिला. साहेबाचा हुकूम आहे म्हणाला, आज पाहुणे यायचेत, जुने हात खराब होतील.

शेवंती ओरडली नाही. गजातून आत बोट दाखवून म्हणाली, "भावजी, तो खालचा वाकडा अंगठा कुनाचा हाय?"

पोपट कंदिलाची काच पुसायला लागला.

"तुमचाच ना? सासूबाईंनी दाखवलेला मला. रामाच्या आधी जन्मलात काय तुम्ही?"

पोपटनं आपला अंगठा मुठीत लपवला. पण किल्ली खिशातच राहिली. "वैनी, माझी नोकरी जाईल गं," एवढंच पुटपुटला.

मग तिनं पोरीचा हात गेरूत बुडवला आणि दाराबाहेरच्या कातळावर दाबला. पोर रडली. दोघी खाली उतरल्या. दुपारी पाहुणे आले, वाकडा अंगठा बघून वा वा करून गेले. संध्याकाळपर्यंत गावच्या बकऱ्यांनी अंगं घासून बाहेरचा हात पुसून टाकला. पोपट बघत होता. त्यानं एकही बकरी हाकलली नाही.

आता शेवंती रोज खालून माझ्याकडं बघते. पोरीला जरा शिंक आली तरी बघते.

तुम्ही यालच मला बघायला. या. पण पोपट कंदील वर धरेल तेव्हा त्या वाकड्या अंगठ्याच्या बाजूला बघा. तिथं वीतभर भिंत कोरी आहे. कुणाचं नाव कोरू नका तिथं. ती जागा मी धरून ठेवलीय. दार तेवढं उघडा.