आईच्या विषयात पैकीच्या पैकी

विसरणं हा आळशी माणसांचा उद्योग आहे, असं थोरलीचं ठाम मत होतं. आणि थोरलीचं मत ठाम नसेल तर ते मतच नव्हे, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

एके काळी ती स्वतःच या उद्योगात होती. इतिहासाचा धडा पुन्हा पुन्हा वाचायची, ओळींखाली रंगीत रेघा मारायची. पान इंद्रधनुष्यासारखं दिसायला लागायचं आणि पेपर हातात पडला की डोकं कोरं करकरीत! शेवटी विज्ञानाच्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं.

"पुस्तक उघडं असताना सगळेच हुशार असतात गं," बाई म्हणाल्या. "मिटून बघ. मिटल्यावर जेवढं आठवतं तेवढंच तुझं."

मग त्यांनी तिला युक्ती सांगितली. वाचायचं कमी, स्वतःला विचारायचं जास्त. आज विचारलेलं उद्या विचारायचं, मग थोडे दिवस सोडून, मग आणखी थोडे सोडून. विसरायला लागतंय असं वाटलं की नेमकं तेव्हाच. प्रश्न उलटसुलट करायचे, मध्येच एखादा फसवा टाकायचा. आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, नाहीतर चूकच पाठ होऊन बसते.

सहामाहीत थोरलीला असे काही गुण पडले की वर्गशिक्षकांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तिच्या बाकाभोवती दवाखान्यासारखी रांग लागायची. कुणाचं भूगोलाचं दुखणं, कुणाचं सूत्रांचं. सगळ्यांना औषध एकच. "मीट पुस्तक. आता बोल."

घरी मात्र त्या वर्षी कुणी फारसं बोलत नव्हतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. सकाळी लवकर जायचे, संध्याकाळी यायचे, आणि जेवताना पाणी वाढण्यापुरतं बोलायचे. एका रविवारी थोरली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि सहा वर्षांची धाकटी त्या घड्यांवर लोळत होती. लोळता लोळता तिने विचारलं, "ताई, आईचा आवाज जाड होता की बारीक?"

थोरलीच्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली. "तुला आठवत नाही?"

"आठवतो," धाकटी म्हणाली. "पण ऐकू येत नाही."

थोरलीने खोळ खाली टाकली. ही पोर आईला विसरत चालली होती! अजून दोन वर्षांनी हिच्याकडे आईचा भिंतीवरचा फोटो तेवढा उरणार. छे, थोरली जिवंत असताना हे होणं शक्य नव्हतं. अख्ख्या वर्गाकडून तिने सनावळ्या घोटून घेतल्या होत्या, मग ही तर सख्खी बहीण. आणि आई हा काही ऑप्शनला टाकायचा विषय नव्हता.

त्याच संध्याकाळपासून 'आईचा पेपर' सुरू झाला. जेवणं झाली की धाकटी ओट्यावर चढून मांडी घालून बसायची आणि थोरली भांडी पुसता पुसता विचारायची.

"आईच्या हनुवटीवर काय होतं?"

"तीळ."

"कुठल्या बाजूला?"

"ह्या."

"ती तुझी उजवी. आईची कुठली ते नीट आठव. बरं, आईला राग आला की काय करायची?"

"पदर खोचायची आणि गप्प बसायची."

"शाब्बास. काम करताना काय करायची?"

"शिट्टी वाजवायची," धाकटी म्हणाली.

"चूक. गुणगुणायची."

"शिट्टी पण वाजवायची."

"अगं येडे, आई आणि शिट्टी? कुकरची असेल ती!"

हे ऐकून बाबा बाहेरच्या खोलीत हसले. किती दिवसांनी हसले होते. थोरलीने ओरडून विचारलं, "बाबा, आई कधी शिट्टी वाजवायची?"

"तुझी आई? काहीतरीच," बाबा म्हणाले.

लागला निकाल. पण धाकटी म्हणजे हट्टाचं गाठोडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी, चार दिवसांनी पुन्हा शिट्टी. थोरली न चिडता तिथल्या तिथे दुरुस्त करत गेली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. मग एका संध्याकाळी धाकटीने ओठांचा चंबू केला, थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं, चंबू सोडला आणि म्हणाली, "गुणगुणायची."

"बघ! आलं की नाही?" थोरलीने तिला उचलून गरागरा फिरवलं. "आणि शिट्टी?"

"कुकरची!" धाकटी खिदळली.

आत्या राहायला आली तेव्हा थोरलीने तिच्यासमोर पेपर घेतला. तीळ, पदर, चहात किती साखर, फसव्यांसकट सगळे प्रश्न. धाकटीला पैकीच्या पैकी. आत्याचे डोळे भरून आले. "केवढी लक्षात ठेवलीय गं आईला पोरीने," ती म्हणाली. थोरलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, आणि कित्येक महिन्यांनी थोरलीला वाटलं की या घरात आपण काहीतरी वाचवलं.

आई पडदे शिवायच्या कारखान्यात होती. शेवटचं आजारपण येईपर्यंत ती तिथे जायची आणि शाळेचं वय झालं नव्हतं म्हणून धाकटीला बरोबर न्यायची. तिचा चष्मा आणि शाल अजून तिथेच होती, ती आणायला बाबांनी दोघींना पाठवलं. थोरली कारखान्यात पहिल्यांदाच आत शिरली. ओळीने मशिनी धडधडत होत्या, भिंतीला कापडाचे ताके रेलून उभे होते, आणि कापायच्या लांबलचक टेबलापाशी गळ्यात कातर अडकवलेली आईची मैत्रीण उभी होती. आई घरी तिला कातरमावशीच म्हणायची. तिने दोघींना जवळ घेतलं, शाल शोधून काढली, तेवढ्यात धाकटी ताक्यांमागे गडप झाली.

थोरलीने हाका मारल्या. मशिनींच्या आवाजात तिची हाक तिलाच ऐकू येईना.

"इथे घसा फाडून काय उपयोग?" कातरमावशी तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "म्हणून तर तुझी आई शिट्टी मारायची."

"काय मारायची?"

"शिट्टी गं! दोन आखूड, एक लांब. की ही पोर टेबलाखालून अशी रांगत यायची, मांजराच्या पिलासारखी. आणि दुपारी पेंगायला लागली की तिच्यासाठी अख्खं गाणं शिट्टीवर. आम्ही तेवढ्यापुरत्या मशिनी थांबवायचो. काय वाजवायची बाई!"

"पण घरी... आम्हाला कधीच..."

"घरी कशाला वाजवेल? म्हणायची, थोरलीला कळू देऊ नका हं, ती मला शिस्त लावेल." मावशी हसली. थोरलीनेही हसायचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्या चेहऱ्यावरच राहिला.

"मावशी, एकदा वाजवून दाखवा ना."

"मला कुठली येते! नुसती हवा जाते."

परतताना थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला होता. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान आलं तसं तिने विचारलं, "आई तुला कारखान्यात शिट्टी मारून बोलवायची ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "कुकर होता तो."

"अगं, खरंच वाजवायची. मावशीने सांगितलं. तूच तर म्हणायचीस आधी!"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग गालात हसली. "फसवा प्रश्न आहे ना? मी नाही फसणार."

त्या आठवड्यात थोरलीने आरशासमोर ओठ दुखेपर्यंत फुंकून पाहिलं. कधी वारा निघायचा, कधी थुंकी. एकदा कशीबशी दोन आखूड, एक लांब अशी निघाली, तेव्हा चित्राला रंग देणाऱ्या धाकटीने मानही वर केली नाही.

तिने बाईंना विचारलं, "बाई, पक्कं झालेलं पुसायचं कसं?"

"चुकीचं पाठ केलंस काही?"

"मी नाही. मी करून घेतलं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला. "आठवण बाहेर काढली की ती मऊ होते गं," त्या म्हणाल्या. "परत ठेवताना थोडी बदलते. पुस्तकाचं असलं तर पुस्तक उघडून ताडून बघता येतं." आईचं पुस्तक कुठून आणायचं, हे न विचारताच थोरलीने दप्तर उचललं.

पेपर बंद झाला. पहिल्या दिवशी धाकटी ओट्यावर येऊन बसली आणि थोरली म्हणाली, "आज सुट्टी." दुसऱ्या दिवशीही सुट्टी. तिसऱ्या दिवशी धाकटीने तिच्या हातातलं फडकं धरून ओढलं.

"विचार ना गं ताई. मला सगळं येतं."

"माहीत आहे."

"मग आईचं कोण बोलणार? बाबा तर बोलतच नाहीत."

बाहेरच्या खोलीत बाबांची खुर्ची करकरली आणि पुन्हा शांत झाली. थोरलीने फडकं ठेवलं. ओट्याला टेकून तिने जरा विचार केला आणि पेपरात पहिल्यांदाच स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला. "कारखान्यात टेबलाखाली बसलं की काय दिसायचं?"

धाकटीने तोंड उघडलं, मिटलं. तिची नजर थोरलीच्या भुवयांवरून ओठांवर आली, ओठांवरून परत डोळ्यांकडे गेली. ती आठवत नव्हती. उत्तर बरोबर आहे की नाही ते शोधत होती, आणि ते नेहमी जिथे सापडायचं तिथेच शोधत होती.

"पाय?" ती म्हणाली. "आईचे पाय. बरोबर ना?"

"मला नाही माहीत, राणी."

"तुला कसं नाही माहीत? सांग ना."

थोरली ओट्यावर चढली आणि धाकटीच्या पाठीला पाठ लावून बसली, म्हणजे तिचा चेहरा दिसायला नको. चेहरा तसाही दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

"आता सांग," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "काय दिसायचं?"

"चुकलं तर?"

"चुकत नाही यात काही."

धाकटीची छोटीशी पाठ एकदा मोठा श्वास घेऊन फुगली. मग हळूहळू खाली बसली.

"ताई, मला नाही येत गं," ती शेवटी म्हणाली.

"नाही आलं तरी चालेल," थोरली म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.