हिरवा दिवा लागला की ओरडायचं

"हिरवा दिवा लागला की ओरडायचं, लाल लागला की थांबायचं. एवढंच आहे, काका."

क्लबच्या कचेरीतली मुलगी हे सांगता सांगता भोंग्याच्या अंगावरचं पिवळं जाकीट मागून खेचून सारखं करत होती. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'वातावरण व्यवस्थापक' असा हुद्दा छापलेला होता. हल्ली माणसाला कशाचा पगार मिळेल सांगता येत नाही, असं मनातल्या मनात म्हणून भोंग्यानं विचारलं, "आणि गोल झाला तर?"

"तेव्हाही आधी दिव्याकडे बघायचं. गोल रद्द झाला तर आपण उगाच ओरडल्यासारखं होतं."

ज्या माणसानं सगळी हयात उगाच ओरडण्यात घालवली, तो यावर काय बोलणार? त्यानं मान हलवली. मुलीनं त्याच्या कॉलरला माइक लावला, कानात बटणाएवढं यंत्र बसवलं आणि त्याला त्याचा चौथरा दाखवला. चौथऱ्याला कठडा होता आणि कठड्यावर दोन दिवे.

भोंगा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो पत्र्याच्या कारखान्यात एसीचे डक्ट बनवायचा. तिथे चारी बाजूंनी पत्र्यावर हातोडे पडत असतात, शेजारच्याकडे पक्कड मागायची तरी बोंब ठोकावी लागते. त्यात गळा तयार झालेला. मैदानात पूर्वेच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं पहिल्यांदा आवाज टाकला, तेव्हा समोरच्यांचा गोलकीपर दचकून मागे वळला आणि चेंडू जाळ्यात गेला, असं लोक सांगतात. लोक काय, काहीही सांगतात. पण नाव पडलं ते पडलं.

त्या पायऱ्यांवर सभ्य माणसानं जावं असं काही नव्हतं. भिंतीकडेला मुताचा वास, वरच्याच्या हातातला चहा खालच्याच्या डोक्यावर, आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार. संघ तर असा, की जिंकला तर पाहणाऱ्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. पण तिथे एक रीत होती. पाहुण्यांनी टोमणा मारला की एका श्वासात उलटा टोमणा गेला पाहिजे, आणि तोही गाण्यातून. हे काम भोंग्याचं. शब्द तो जुळवायचा आणि शेजारी उभा असलेला वेल्डर डब्यावर ठेका धरायचा. वेल्डर पाळी संपवून कायम उशिरा यायचा. मुंगीला शिरायला जागा नसली तरी भोंगा त्याच्यापुरता जरा सरकायचा, आणि वेल्डर "किती खाल्ले?" म्हणत उभा राहायचा. खाल्ले म्हणजे गोल.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं असंच सुचलेलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका श्रीमंत क्लबच्या स्टेडियममध्ये तो डक्ट बसवायला गेला होता. काचेच्या खोल्या, आत गुबगुबीत खुर्च्या आणि वरून गार वारा सोडायला भोंग्यानं वाकवलेला पत्रा. पुढे त्याच क्लबशी, त्याच स्टेडियममध्ये सामना पडला. त्यांचे प्रेक्षक चांगल्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. त्यांचा संघ दोन गोलांनी पुढे, तरी गप्प. भोंग्याच्या डोक्यात तिडीक गेली आणि तोंडातून निघून गेलं,

"मऊ मऊ गादी, गार गार हवा,
ओरडायला यांना नोकर हवा!"

वेल्डरनं ठेका उचलला आणि पुढचा तासभर पूर्वेच्या पायऱ्यांवरच्या माणसांनी त्या लोकांना जगणं नकोसं केलं. सामना हरले, पण येताना असे आले की जणू लग्नाहून येताहेत. पुढे ते गाणं सगळ्या गरीब मैदानांवर गेलं. कुणी केलं हे कुणी विचारलं नाही आणि भोंग्यानं सांगितलं नाही. त्याला ते आवडायचं.

मग पैसा आला. कुणीतरी क्लब विकत घेतला, बाहेरून खेळाडू आणले आणि संघ जिंकायला लागला. पहिला कप आला तेव्हा भोंगा आणि वेल्डर एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखे रडले. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांना यश नकोच होतं असं वाटेल. यश त्यांना हवंच होतं. ते आलं की आपल्यालाच दार दाखवतील, एवढं काय ते माहीत नव्हतं.

पायऱ्या पाडल्या. तिथे खुर्च्या आल्या, वर काचेच्या खोल्या आल्या आणि तिकीट असं झालं की भोंग्यानं खिडकीवर एकदा विचारलं आणि परत विचारलं नाही. त्याचं घर मैदानाच्या मागे दोन गल्ल्या सोडून. सामन्याच्या दिवशी तो खिडकीत बसायचा. गोल झाला तर कुकरची शिट्टी झाल्यागत आवाज यायचा आणि विरायचा. बायको म्हणायची, जिंकले वाटतं. तो म्हणायचा, कुणास ठाऊक.

तिकडे टीव्हीवरचे समालोचक हसायला लागले, इतक्या मोठ्या क्लबच्या मैदानात टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणून. ते मालकाला झोंबलं. भोंग्याचे जावई क्लबच्या गाड्या लावायच्या जागेवर कामाला होते. त्यांनी वरच्यांच्या कानावर घातलं, की आमचे सासरे पूर्वी असं असं करायचे. लेक स्वतः निरोप घेऊन आली. "बाबा, आत जायला मिळेल. वर पगार. फक्त तोंड सांभाळा, यांची नोकरी तिथेच आहे." भोंग्यानं पगाराचं नीट ऐकलंही नाही. आत जायला मिळेल, एवढंच त्यानं ऐकलं.

वेल्डरला त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं. वेल्डरनं चहा संपवला, गाण्याची दुसरी ओळ हळू आवाजात म्हटली, फक्त दुसरी, आणि सायकलवर टांग टाकून गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. वेल्डर गोदामामागच्या मैदानावर जायला लागला. तिथला संघ खालच्या श्रेणीतला. तिथे अजून उभं राहून बघतात.

भोंगा चौथऱ्यावर उभा राहिला आणि वर्षभर त्यानं जे पाहिलं, त्यानं त्याचं रक्त दर सामन्याला थोडं थोडं तापत गेलं. हे लोक खेळ सुरू झाल्यावर यायचे आणि संपायच्या आधी गाडी काढायला जायचे. मधल्या वेळात मैदानाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायचे. संघ पुढे असला की कंटाळायचे, मागे पडला की शिव्या घालायचे, आणि शिव्याही हॉटेलात थंड जेवण आल्यावर घालतात तशा. पैसे भरलेत आम्ही, हे त्यांचं एकच पालुपद. एकदा एका माणसानं मागून त्याचं जाकीट ओढून सांगितलं, अहो, जरा खाली बसून ओरडा, दिसत नाही. हिरवा दिवा लागला की भोंगा आरोळी द्यायचा, ते टाळ्या वाजवायचे. लाल लागला की थांबायचे. मंडळी शिकलेली होती, दिवा बरोबर पाळायची. कित्येकदा त्याला वाटलं, जाकीट काढून यांच्या तोंडावर फेकावं. मग जावयांची नोकरी आठवायची आणि तो दिव्याकडे बघायचा.

कपाच्या स्पर्धेत चिठ्ठी निघाली ती गोदामामागच्या संघाची. एक कोपरा जाळी लावून पाहुण्यांना दिला होता. मूठभर माणसं, पण बसायला एकजण तयार नाही. भोंग्यानं त्यांच्यात वेल्डर शोधला. सापडायला वेळ लागला नाही, कारण डबा त्याच्याच हातात होता.

सामना सुरू झाला. क्लबच्या संघानं दोन गोल करून टाकले. काचेच्या खोल्यांत लोक खायला लागले, खाली फोन निघाले, आणि त्या शांततेत कोपऱ्यातून डबा वाजला.

"मऊ मऊ गादी, गार गार हवा,
ओरडायला यांना नोकर हवा!"

दुसऱ्या ओळीला त्या मूठभर माणसांनी हात लांब करून बोटं रोखली ती थेट पिवळ्या जाकिटावर. भोंग्याला ऐन सामन्यात, सगळ्यांसमोर, कुणीतरी कपडे उतरवल्यासारखं झालं.

कानात मुलीचा आवाज आला. "काका, ते आपल्याला चिडवताहेत. उत्तर द्या काहीतरी." आणि हिरवा दिवा लागला.

एका श्वासात उत्तर. त्याचं आयुष्यभराचं काम ते. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द येईना. टोमणा खोटा असला तर उलटवता येतो. हा तर खरा होता, आणि त्याचाच होता. जाळीपलीकडून वेल्डर ठेका न सोडता त्याच्याकडे बघत होता, आता बोल की लेका, अशा नजरेनं. मागून कुणीतरी म्हणालं, याचा माइक बिघडला का?

तेव्हा भोंग्यानं ठरवलं. गेली नोकरी तर गेली, जावयांचे पाय धरू. तो मैदानाकडे पाठ करून वळला, त्या मऊ खुर्च्यांकडे तोंड केलं आणि वर्षभराचा सगळा राग गोळा करून, एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवत ओरडला.

"मऊ मऊ गादी, गार गार हवा!"

सगळं स्टेडियम दणाणलं. त्यानं श्वास घेतला, दुसरी ओळ त्यांच्या तोंडावर मारली आणि रखवालदार कुठून येतात ते बघत उभा राहिला.

रखवालदार आले नाहीत. दिवा हिरवा होता. पहिल्या रांगेतल्या बाईनं टाळ्या धरल्या, मग तिच्या मागच्यांनी. पिवळ्या जाकिटातला माणूस सांगतोय म्हणजे हेच म्हणायचं असणार, असं समजून ते उभे राहिले. हसत, फोन उंच धरून, हजारो माणसं म्हणायला लागली, ओरडायला यांना नोकर हवा. कुणाला म्हणतोय याचा कुणी विचार केला नाही. पाहुण्यांकडे बघून म्हणत होते. काचेच्या खोल्यांतले लोक चमच्यांनी काचेवर ठेका देत होते. भोंगा ओरडून सांगू लागला, तुम्हाला, तुम्हाला म्हणतोय मी, तर तेही त्यांनी म्हणायला घेतलं.

पूर्वेच्या पायऱ्या भरलेल्या असतानाही हे गाणं इतकं मोठं कधी झालं नव्हतं. कोपऱ्यातला डबा केव्हाच थांबला होता. वेल्डर त्याच्याकडे बघत नव्हता, जाळीला हात लावून खाली बघत होता. आपण कुणाचं काय घालवून बसलो, हे भोंग्याला तेव्हा कळलं.

सामना संपल्यावर मुलगी धावत आली. असं वातावरण या मैदानात कधी झालंच नव्हतं म्हणाली, स्वतः मालकांचा फोन आला होता, आणि एका गादीच्या कंपनीनं तर आत्ताच जाहिरातीसाठी विचारणा केली होती. भोंग्यानं जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. कानातलं यंत्र, माइक, सगळं वर ठेवलं.

"मी उद्यापासून येणार नाही."

मुलगी जरा गोंधळली. वाईट नव्हती ती. "बरं नाही का काका? मग आराम करा. काळजी करू नका, आवाज रेकॉर्ड झालाय आपल्याकडे. तो वापरता येईल."

जावयांना पुढच्याच आठवड्यात बढती मिळाली. लेकीनं पेढे आणले. भोंग्यानं एक तोंडात टाकला आणि चांगलं झालं म्हणाला.

पुढच्या सामन्याच्या दिवशी तो खिडकीशी बाकावर बसला होता. बायको भाजी निवडत होती. दार उघडंच होतं. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि वेल्डर उंबऱ्यात उभा राहिला. वर्षभरानं येत होता, पण बायकोनं कालच आल्यासारखं बसा म्हटलं. तो बसला नाही. आज आमचा सामना नाही, एवढंच म्हणाला.

तेवढ्यात मैदानातून आवाज आला. कर्ण्यांतून आलेला, घरांवरून, गल्ल्यांवरून आलेला भोंग्याचा आवाज.

"मऊ मऊ गादी, गार गार हवा!"

दुसरी ओळ कापलेली होती. तिच्या जागी टाळ्या होत्या. मग परत पहिली ओळ, परत टाळ्या, आणि त्यात हजारो माणसांचं खुशीतलं ओरडणं. भोंगा मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत राहिला. पत्र्यानं कापल्याच्या जुन्या खुणा होत्या त्यांवर.

बायकोला त्याचं तसं बसणं बघवेना. "वाईट कशाला वाटून घेता?" ती म्हणाली. "काही झालं तरी आवाज तुमचाच आहे ना?"

वेल्डर उंबऱ्यातूनच कान देऊन ऐकत होता. गाणं पुन्हा एकदा येऊन गेलं, टाळ्या होऊन गेल्या.

"नाही वहिनी," वेल्डर म्हणाला. "ह्याचा आवाज वेगळा होता."

भोंग्यानं वर पाहिलं. मग तो बाकावर जरा सरकला, आणि वेल्डर आत येऊन त्याच्या शेजारी बसला.