बटणांचा डबा आणि दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात बटणे आहेत. हे मी मान वर करून सांगतो. मला मान नाही, नुसते झाकण आहे. पण अभिमान झाकणाखालीही मावतो.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, कडा दुमडून मला घडवले आणि माझ्या झाकणावर घोडागाडीचे चित्र छापले. मग बिस्किटे भरून मला दुकानात मांडले. ती बिस्किटे ज्या घरात संपली ते घर एका शिंप्याचे निघाले, ही माझी पूर्वपुण्याई. बाकीचे डबे रिकामे झाले की भंगारात जातात. मी रिकामा झालो त्याच दुपारी पुन्हा भरलो. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, कापड मढवलेली, कुणाच्या तरी कोटाची उरलेली, अशी नाना तऱ्हेची बटणे माझ्याकडे राहायला आली आणि गुण्यागोविंदाने नांदू लागली.

माझ्या मालकांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचे दुकान. खिडकीशी कापड बेतायचे लांबरुंद टेबल, शेजारी शिलाई यंत्र, समोर आरसा आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मी. वयोमानाने मास्तरांचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी कात्री सुनेच्या, म्हणजे ताईच्या, हाती दिली. गल्लीने नाके मुरडली. पण ताईने असा काही हात बसवला, की तीच नाके थोड्याच दिवसांत माप द्यायला दारात उभी राहिली. भजनात रमावे तशी ती यंत्रावर रमायची. चहा निवून जायचा, हाका वाया जायच्या, आणि शिवलेला कपडा असा निघायचा की घालणाऱ्याची चालच बदलावी.

मग घरात ते फोनचे वेड शिरले. ताईची मुलगी चिंगी कॉलेजात जाते. तिने मोठ्या हौसेने दुकानाचे पान काढून फोनवर टाकले. त्याने नवी गिऱ्हाइके आली, हे मी नाकारणार नाही. पण आधी ताई शिवून झाले की व्हिडिओ काढायची, ती हळूहळू व्हिडिओसाठी शिवू लागली. कुणी ‘छान’ लिहिले की दुपारभर फुललेली, कुणी नुसते ‘बरे’ लिहिले की उसवलेली. मास्तर काही सांगू लागले तर उत्तर एकच, ‘हं’. मायलेकी एकाच खोलीत बसून एकमेकींच्या व्हिडिओला बदाम पाठवायच्या, आणि म्हातारा बिचारा दोघींच्या मधे बसून भिंतीशी बोलायचा.

अशातच हॉस्पिटलातली एक नर्स कापड घेऊन आली. निळसर जमिनीवर खालून वर चढत गेलेली पांढरी फुले. तिच्या थोरल्या बहिणीने ते मागावर विणले होते. पुढे थोरलीची नजर गेली, आणि तिच्या हातून उतरलेले ते शेवटचे कापड ठरले. नर्सला त्याचा कोट हवा होता. रविवारी ती बहिणीला घेऊन येणार होती, कारण बहिणीला तो कोट हाताने पाहायचा होता.

आता नीट ऐका. त्या कापडाची मागची बाजू नुसत्या दोऱ्यांची, त्यामुळे ते उलटे वापरता येत नाही. अशा कापडाची बाही एकेक करून बेततात. एक बेतली की बाहीचा कागद उलटा करायचा आणि मग दुसरी बेतायची, हे शिकाऊसुद्धा जाणतो. ताईने पहिली बाही बेतली आणि फोन किणकिणला. तिच्या कुठल्याशा व्हिडिओखाली एका अनोळखी माणसाने लिहिले होते, की या बाईंचे बेतणे वाकडे आहे. झाले! एका हातात कात्री धरून दुसऱ्या हाताने तिने त्याला लांबलचक उत्तर दिले. मग तिच्या बाजूने कोण कोण बोलले तेही वाचले. मग वळून दुसरी बाही कापली. कागद होता तसाच होता.

जोडायला घेतल्यावर तिने दोन्ही बाह्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि पुन्हा पुन्हा उलटून पाहिल्या. दोन्ही डाव्या.

चिंगीने लगेच आपल्या फोनवर मिळतेजुळते कापड शोधायला घेतले. ताई म्हणाली, “ते कुठे मिळायचं नाही गं. करणारीला आता दिसत नाही.”

मास्तर खुर्चीवरून उठले. चष्मा लावून त्यांनी कापडाच्या उरलेल्या कतरणी चाचपल्या, बाही उलटसुलट पाहिली. पुढचा भाग खोल कापून, मागे काखेशी कळी, म्हणजे कतरणीचा निमुळता तुकडा, लावली तर डावीची उजवी होणार होती. पण फूल फुलाला भिडायला हवे, आणि तेही हाताच्या टाक्याने. ते सगळे सांगून झाल्यावर ते सावकाश म्हणाले, “कापड पुरेल, पोरी. लक्ष पुरेल का, ते तू बघ.”

ताईने फोन उचलला. खणात ठेवला असता तर हाताशीच राहिला असता. तिने माझे झाकण उघडले, फोन तळाशी खुपसला, वर बटणे लोटली आणि झाकण दाबून बसवले. मित्रांनो, माझ्या पत्र्याचे सोने झाले ते तेव्हा.

काम सोपे नव्हते. थोड्याच वेळात फोन थरथरला आणि माझ्या पोटातली बटणे खळाखळा नाचू लागली. ताई अर्धी उठली. मास्तर गालातल्या गालात हसत म्हणाले, “बस गं. बटणांना बदाम आलाय.” चिंगीने फोन बाहेर काढून त्याचा आवाज, थरथर सगळे बंद केले, तो परत खुपसला आणि कुणी न सांगता स्वतःचाही फोन माझ्यात ठेवला. तरी सवय ती सवय. ताई बटण शोधायच्या निमित्ताने माझ्याकडे वळलीच.

“आई,” चिंगी म्हणाली, “या कोटाला बटणं नाहीत. पट्टा आहे.”

ताई ओशाळली, हसली आणि मागे फिरली. मग मात्र हळूहळू तिचा श्वास संथ झाला, सुई चालू लागली. शेजारचा चहा निवत गेला. तो निवलेला चहा पाहून मास्तरांनी डोळे पुसले.

रविवारी दोघी बहिणी आल्या. कोट हातात देण्याआधीच ताईने चूक सांगून टाकली: फोनच्या नादात बाही चुकली, जोड द्यावा लागला. नर्सचा चेहरा उतरला. थोरलीने कोट मांडीवर घेतला. तिची बोटे गळ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून बाहीवर गेली आणि काखेशी थांबली. माझ्यातले एक बटणही हलले नाही.

“इथे जोड आहे,” ती म्हणाली. बोटे पुन्हा फिरली. “पण फूल मोडलेलं नाही. हे घाईत होत नाही. कुणीतरी यावर जीव लावून बसलंय.” मग ती बहिणीला म्हणाली, “घाल गं. आणि जरा फिरून दाखव, म्हणजे मला सळसळ ऐकू येईल.”

नर्सने कोट घातला आणि खोलीभर फिरली. ताई दाराला टेकून रडली.

तेव्हापासून कामाच्या आणि जेवणाच्या वेळी त्या घरातले फोन माझ्याकडे असतात. दुकान उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर ताई आपला फोन काढते, गिऱ्हाइकांना उत्तरे देते आणि परत ठेवते. दुकानाचे पान बंद पडलेले नाही. माप द्यायला येणाऱ्यांचेही फोन ती माझ्यात ठेवायला लावते, कारण मान खाली घालून माप दिले तर गळा चुकतो. माझ्या झाकणावरची घोडागाडी पार पुसली गेली आहे, पण एवढ्या लोकांचे लक्ष राखणारा दुसरा डबा मला दाखवा!

मित्रांनो, फोनचा राग करू नका. त्याला तुमच्या घरात एक जागा द्या आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरवून द्या. जागा म्हणून माझ्यासारखा कुठलाही डबा चालेल. एकच गोष्ट आम्हा डब्यांना जमत नाही. आमचे झाकण आम्हाला लावता येत नाही. तेवढे तुमच्याच हाताने लावा.