कानाची वरची कड

मोनिकाचं दुकान पडेगावला, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. कान, नाक, भुवई टोचून द्यायचं दुकान. धनगराच्या घरातली पोर, पुण्याला जाऊन हे काम शिकून आली, तेव्हा तिच्या भावजयीनं, बानाबाईनं, कपाळाला हात लावला होता. ‘कान टोचायला सोनार हायेत की! त्याला दुकान कामून पाहिजे?’ पण दुकान चाललं. शहरातल्या कॉलेजांतल्या पोरी यायच्या, छावणीतल्या फौजींच्या बायका यायच्या. मोनिकाची साथीदार आमरीन गिऱ्हाईक बसवायची, जागा पुसून घ्यायची. टोचायचं काम मोनिकाचं. सुई प्रत्येकीला नवी, तिच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडून. चिमटे वाफेच्या यंत्रातून काढलेले. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात, आणि तो डबा दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या गाडीत.

भिंतीवर एक पाटी होती. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी आई किंवा वडिलांना सोबत आणावं. एकदा एका शाळकरी मुलीचा बाप दुकानात येऊन फार बोलून गेला होता, आरसा फोडायला निघाला होता. त्यानंतर दोघींनी ती पाटी लावली आणि मोनिकानं तो नियम कुणासाठीही मोडला नाही. नगरसेवकाच्या पुतणीलासुद्धा तिनं परत पाठवलं होतं. ही गोष्ट ती अभिमानानं सांगायची.

अपेक्षा आली ती शनिवारी दुपारी. मोनिकाच्या थोरल्या भावाची, मुंजाबाची मुलगी. बारावीला होती, दौलताबादहून रोज एसटीनं शहरात कॉलेजला जायची. दुकानात तीन-चार पोरी बसल्या होत्या, एकीचं नाक टोचणं चाललं होतं. अपेक्षा दारातच उभी राहिली.

“आत्या, मला कान टोचायचाय.”

“दोन्ही तर टोचलेत तुहे. बारशालाच टोचलेत.”

“खालचा नाय. हिथं, वरची कड.” तिनं केस मागं सारून दाखवलं. “मह्या वर्गातल्या समद्यांनी टोचलाय.”

“वैनीला विचारलंस?”

अपेक्षानं केस परत कानावर ओढले. मोनिकानं सुईवरची नजर न काढता पाटीकडे मान केली. “वाचता येतं ना? आईला घेऊन ये.”

“आई येतीय व्हय इथं! तू तर घरचीच हायेस. तूच दे ना टोचून, मी नाय सांगत कुणाला.”

“हां! आणि उद्या तुही आई मह्या झिंज्या धरून रस्त्यावर आणील मला. जाय, जाय. दूध पी, मोठी हो, मग ये.”

मोनिका हसली. बसलेल्या पोरी हसल्या. जिचं नाक टोचायचं होतं तीसुद्धा, डोळे मिटलेले असताना, हसली. अपेक्षाचा चेहरा लाल झाला. ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

“बुरा लगा उसको,” आमरीन म्हणाली. “बुला के समझा देती.”

“लेकरू हाये. संध्याकाळपर्यंत विसरंल.”

कानाच्या वरच्या भागात हाड नसतं, पण मांसही नसतं. मऊ कूर्चा असते, तिला रक्त कमी मिळतं, म्हणून तिथली जखम चिघळली तर लवकर आवरत नाही. हे मोनिका प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बसवून सांगायची. त्या दिवशी भाचीला मात्र तिनं यातलं काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बानाबाई फुलंब्रीला एका लग्नाला गेली होती. एरवी ती किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळांची पाटी घेऊन बसायची. तिच्या शेजारीच बिभीषणची टपरी होती. मोबाइलची कव्हरं, गॉगल, खोट्या दागिन्यांच्या माळा. गावातलाच पोरगा, बानाबाईला काकू म्हणणारा, तिची पाटी उचलू लागणारा. किल्ला बघायला आलेल्या पोरी कानातलं घ्यायच्या आणि छिद्र नसलं की परत ठेवायच्या, म्हणून त्यानं टोचायची बंदूक मागवली होती. खटका दाबला की खडा कानाच्या पाळीतून आरपार. पाळीपुरतं ते बहुतेकींना निभून जायचं.

अपेक्षा त्याच्याकडे गेली. बिभीषणनं विचारलं, “काकूला ठाऊक हाये का?”

“आत्याला विचारलंय. ती म्हणली टोच. तिच्या दुकानात लई गर्दी असती म्हणून तुह्याकडं आले.”

मोनिकाताईनं हो म्हटलंय म्हटल्यावर बिभीषणनं पुढं काही विचारलं नाही. बंदूक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि खटका दाबला. कूर्चेत खडा नीट बसला नाही म्हणून आणखी एकदा दाबला.

पहिले काही दिवस दुखलं, तेवढं दुखणारच असं अपेक्षाला वाटलं. ती केस मोकळे सोडून कान झाकायची. मग कान सुजला, लाल झाला, उशीवर टेकवेना. तिनं हळद लावली, खोबरेल लावलं, मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खाल्ल्या. थंडीचं निमित्त करून स्कार्फ बांधायला लागली. बानाबाईला वाटलं, कॉलेजातली नवी टूम असेल.

ताप चढला तेव्हा बानाबाईनं तिचा स्कार्फ ओढून काढला आणि किंचाळलीच. कान वांग्यासारखा झाला होता आणि मागून पू येत होता.

मुंजाबानं शेळ्या तशाच शेजाऱ्याच्या हवाली केल्या, कुणाची तरी जीप बघितली आणि पोरीला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी कान चिरून पू काढला. बाहेर येऊन त्यांनी मुंजाबाला समजावलं, “जीवाला धोका नाही आता. पण आतली कूर्चा बरीच विरघळलीय. कान खाली बसेल. दोन-तीन वर्षांनी बरगडीची कूर्चा घेऊन तो उभा करता येतो, पण पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही.”

मोनिकाला फोन गेला तेव्हा ती दुकान आमरीनवर टाकून धावत आली. अपेक्षा डोक्याला पट्टी गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“कुणी टोचला?” मोनिकानं विचारलं.

“बिभीषणदादानं.”

“बंदुकीनं? वरच्या कडेला? अगं, मला इचारायचं तरी!”

“इचारलं की,” अपेक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं मोनिकाला ते जास्तच लागलं. मग ती म्हणाली, “सुजल्यावर पण आले व्हते एकदा. पडेगावला उतरले. दुकानाच्या बाहेर उभी व्हते. तू आत कुणाशी तरी हसत व्हतीस. मला वाटलं, आता दाखवला तर परत हसशील.”

सुजल्यावर मोनिकानं तो कान बघितला असता तर त्याच क्षणी अपेक्षाला डॉक्टरकडे नेलं असतं. कान वाचला असता, कदाचित पूर्ण वाचला असता.

वऱ्हांड्यात बानाबाई उभी होती. मोनिका जवळ गेली तशी ती सरकून उभी राहिली.

“वैनी, मी नाय म्हणाले ते तिच्या भल्यासाठीच. नियम...”

“तुहा नियम लोकायसाठी ठेव. ती तुही भाची हाये.” बानाबाईचा आवाज फुटत होता. “नाय टोचायचा तर नको टोचू. पण मला फोन करता येत नव्हता? वैनी, पोरगी कान टोचायचं म्हणती, ध्यान दे. एवढं सांगायला काय जात व्हतं तुहं?”

फोन करावा असं मोनिकाला वाटलंच नव्हतं. वैनी आपल्या धंद्याला नावं ठेवते, तिला कशाला सांगायचं, असं काहीसं त्या दिवशी मनात होतं. हे तिनं बानाबाईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोनिका दौलताबादला गेली. बिभीषणला गावात बातमी कळली होती. तो टपरी अर्धी उघडून आत बसला होता. तिला बघून उठला.

“ताई, असं कसं झालं? तुम्हीच हो म्हणल्या व्हत्या ना?”

“मी?”

“अपेक्षा म्हणली, आत्यानं सांगितलंय.”

मोनिका टपरीच्या फळीवर टेकली. मग म्हणाली, “मी नाय म्हणाले व्हते.”

बिभीषणनं फडक्यात गुंडाळलेली बंदूक काढून तिच्यापुढं ठेवली. “मी तर दर वेळेस स्पिरिटनं पुसायचो, ताई. आईशप्पथ.”

“पुसून व्हत नाय. रक्ताचा बारीक थेंब आत खटक्यापर्यंत जातो. हे प्लास्टिक हाये, वाफेच्या यंत्रात घातलं तर वितळतं. आणि वरच्या कडेला ही चालतच नाय, कूर्चा फुटती.”

“मग मागं तुम्ही बघितली तव्हा बोलल्या कामून नाय?”

मोनिकाला आठवलं. पावसाळ्यात ती वैनीकडून पेरू घ्यायला थांबली होती. बिभीषण एका सहलीच्या पोरीचा कान टोचत होता. मोनिकानं बंदूक बघितली, कपाळाला आठी आली, आणि ती एवढंच म्हणाली होती, “काय बिभीषण, बरं चाललंय का?” तो हसून म्हणाला होता, “तुमच्याच कृपेनं, ताई.”

त्याच्याही आधी, उन्हाळ्यात, आरोग्य खात्यातल्या डॉक्टर सत्यशीला मॅडमनी टोचणाऱ्या आणि गोंदणाऱ्या लोकांची बैठक बोलावली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, “या धंद्याला अजून नीट नियम लागलेले नाहीत. लागतील तेव्हा लागतील. तोवर तुमच्या ओळखीत कुणी बंदूक वापरत असेल, रस्त्यावर टोचत असेल, तर नाव सांगा. दंड करायला नाही, शिकवायला बोलावू.” सभागृहात कुणीच बोललं नव्हतं. बिभीषणनं बंदूक मागवल्याचं मोनिकाच्या कानावर आलं होतं, त्याचं नाव तिच्या ओठावर आलं होतं. पण गावचा पोरगा, गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणायचा, असा विचार करून तिनं ते गिळलं. घरी येताना आपण चांगलं वागलो असंच तिला वाटलं होतं.

“तुम्ही एका शब्दानं बोलल्या असत्या तर मी बंद केलं असतं,” बिभीषण म्हणाला.

केलं असतं की नसतं, हे आता कुणाला कळणार होतं? मोनिका म्हणाली, “बोलायला पाहिजे व्हतं.”

मुंजाबा पोलिसांत जायला निघाला होता. अपेक्षानंच अडवलं. तिनं बापाला खरं काय ते सांगितलं, की आपणच आत्याचं नाव खोटं घेतलं. मुंजाबानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पोलिसांत जायचं सोडून दिलं. ना तो पोरीला बोलला, ना बहिणीला. बिभीषण दवाखान्यात भेटायला आला तेव्हा बानाबाईनं त्याला आत जाऊ दिलं नाही. तो खाली पायरीवर बसून परत गेला.

मोनिका सत्यशीला मॅडमना भेटली. मागच्या बैठकीत आपण नाव माहीत असून सांगितलं नाही, हे तिनं सगळ्यात आधी सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

“मोनिका, मीही चुकले. सगळ्यांसमोर नावं विचारली. असं कोण सांगतं? एकेकाला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.”

पुढच्या महिन्यात मॅडमनी गावोगावचे टपरीवाले, बांगडीवाले, सोनाराच्या हाताखालची माणसं यांचं शिबिर घेतलं. शिकवायचं काम मोनिका आणि आमरीनकडे होतं. बिभीषण आला, शेवटच्या रांगेत बसला, सगळं लिहून घेतलं. पण टोचायचं काम त्यानं पुन्हा केलं नाही. आलेल्यांपैकी काहींनी बंदुका सोडल्या. काहींनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच बंदुका घेऊन बसले. मोनिका आता त्यांच्याकडे जाते, परत परत जाते. कुणी ऐकतं, कुणी ‘तुम्हाला धंदा तुमच्याकडं ओढायचाय’ म्हणतं.

दुकानातली पाटी तशीच आहे. लहान पोरगी एकटी आली तर मोनिका तिला टोचून देत नाही, आजही नाही. पण आधी हातातलं काम ठेवते, तिला बसवते, का नाही ते समजावून सांगते. आणि कुणी नाराज होऊन उठली की तिच्यामागं पायऱ्या उतरून जाते. आमरीन कधी कधी म्हणते, “इतना मत सोच.” मोनिका पुढच्या सुईचं पाकीट फोडते.

पुढच्या भाऊबिजेला मोनिका दौलताबादला गेली. जाऊ की नको असं सकाळपासून चाललं होतं. मुंजाबानं पाट मांडला, तिनं ओवाळलं. बानाबाईनं ताट वाढलं, पुरणपोळीवर तूपही घातलं, पण तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. पूर्वी वैनी धंद्यावरून टोमणे मारायची तेव्हा मोनिकाला राग यायचा. त्या दिवशी तिनं एखादा तरी टोमणा मारावा असं मोनिकाला फार वाटलं.

निघताना अपेक्षा तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जखम भरली होती. कानाचा वरचा भाग दुमडून खाली बसला होता. तिनं त्या बाजूचे केस पुढं घेतले होते. वाऱ्यानं ते उडाले की तिचा हात आपोआप वर जायचा.

“कॉलेजात कुणी काही म्हणतं का?”

“पहिल्यांदा लई म्हणायचे. आता नाय.”

“मह्यावर राग हाये का अजून?”

“तू नाय म्हणालीस त्याचा नव्हता कधीच. मीच खोटं बोलले ना.” मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “पण त्या दिवशी तू थांब म्हणायला पाहिजे व्हतंस, आत्या. मी पायऱ्यांवर जरा थांबले व्हते. मला वाटलं, बोलवशील.”

“व्हय,” मोनिका म्हणाली. “बोलवायला पाहिजे व्हतं.”

घाटातून एसटी येताना दिसली. अपेक्षानं हात केला, गाडी थांबली आणि मोनिका चढली. खिडकीतून तिनं वळून बघितलं तेव्हा अपेक्षा घराकडे निघाली होती, एक हात कानावर धरून.