एकाच घाण्यातला तुकडा

"शर्टाला हात लावू नकोस गं. माझा मी धुतो."

त्या दिवशी मोरीतून आलेला नवऱ्याचा, कृष्णातचा, तो आवाज अजून कानात घेऊनच वर्षाराणीनं तुळशीला पाणी घातलं. तो वारल्यापासून तिचा एकही नेम चुकला नव्हता. हात आपोआप चालत. रडू मात्र आलंच नव्हतं.

सोप्यात मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या पूर्णिमा मॅडम बसल्या होत्या. शिरोलीच्या फौंड्रीत कृष्णातचा जीव घेणारा नखाएवढा किरणोत्सारी तुकडा त्यांनीच तपासला होता. तो गुंडू भंगारवाल्याच्या मालातून आला, असं सगळे धरून चालले होते. गुंडू त्यावरून कळंब्याच्या तुरुंगात होता.

"ते इरिडियम आहे, वहिनी. ते झिजत झिजत प्लॅटिनम होतं. किती झालं, त्यावरून वय निघतं. हा तुकडा यंदाचाच आहे. गुंडूचा माल दोन वर्षं उघड्यावर पडून होता. शिवाय किरणं सोडून ओतकामातल्या भेगा बघायचा फौंड्रीचा कॅमेरा आहे ना, त्यात उरलेल्या इरिडियमशी हा तंतोतंत जुळतो. एकाच घाण्यातला."

"म्हंजे भंगारातनं न्हाई आला."

"नाही. कॅमेऱ्यातून निसटला. कुणीतरी हातानं उचलून खिशात ठेवला, आणि सांगितलं नाही."

कॅमेऱ्याची किल्ली कृष्णातकडं असायची. मॅडमनी ते विचारलं नाही. वर्षाराणीनं गार झालेला चहा आत नेला. शर्ट धुऊ न देणं त्या दिवशी तिला माया वाटली होती. खिशात काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

"अहवाल बाहेर पडायला वेळ लागेल," मॅडम जाताना म्हणाल्या. "तुम्ही आधी ऐकावं, म्हणून आले."

त्या गेल्यावर दीर अमरसिंह दारात आडवा उभा राहिला.

"कागद येईस्तोवर गप बसायचं, वैनी. दादाचा फोटू चौकात लावलाय लोकांनी."

"आणि गुंडू?"

"भंगारवाला हाय त्यो. आणखी दोन म्हैने आत ऱ्हायला तर काय झिजतोय व्हय?"

गेल्या शुक्रवारी देवळाच्या पायरीवर गुंडूच्या बायकोनं, बयाबाईनं, तिचा पदर धरला होता. "खरं कळलं की मला सांगशीला न्हवं, वैनी?" पदर सुटावा म्हणून ती 'सांगीन' म्हणाली होती. पण म्हणाली होती देवळाच्या पायरीवर.

तिनं दुधावर झाकण ठेवलं, चपला घातल्या.

"कुठं निघालासा?"

"बयाबाईकडं."

अमरसिंह बाजूला झाला नाही. ती अंग चोरून बाहेर पडली.

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आज बयाबाईसमोर ते घ्यावं लागणार होतं. गल्लीच्या वळणावर तिनं ते एकदा हळूच उच्चारून बघितलं आणि पुढं पाय टाकला.