चिलामातेचं झाड होतं तिथून तळ्याकडे

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण निखळलं आहे आणि विजेची वायर काढली की माझा जीवच जातो. तरी मित्रांनो, निकाराग्वाच्या राजधानीतल्या, मानाग्वातल्या आमच्या वस्तीचा पहिला नकाशा माझ्याच पोटात तयार झाला, हे मी आजही ऐटीत सांगतो.

मला कुणीतरी टाकून दिलं होतं. वस्तीत शिकवणाऱ्या नोएलियाने मला झाडूनपुसून घेतलं आणि नकाशे काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं. मग दुपारी बायका माझ्याभोवती जमू लागल्या. विहिरीला ठिपका, रस्त्याला रेघ, घराला चौकट. प्रत्येकाचा थर वेगळा, हवा तेव्हा दाखवायचा, नको तेव्हा झाकायचा. सर्वांत हळू शिकल्या त्या दोन्या चेपिता, म्हणजे आमच्या चेपिताबाई. माउस हातातून पळून जाईल अशा भीतीने त्या तो धरायच्या.

आमच्याकडे घरांना नंबर नसतात, पत्ता खुणेवरून सांगतात. त्यांचा पत्ता होता, चिलामाते नावाच्या वडासारख्या झाडापासून तळ्याकडे दोन चौक. झाड वादळात कधीच आडवं झालं होतं. तिथे पेट्रोल पंप उभा राहिला, पण पत्ता तोच राहिला. दोन्या चेपितांनी नेमका पंपावरच झाडाचा ठिपका ठेवला.

"दोन्या, नकाशात जे आहे तेच दाखवायचं असतं," नोएलिया म्हणाली.

"मग मी राहते कुठे, तेवढं सांग. पंपापासून म्हटलं, तर पाववालासुद्धा फिरकायचा नाही."

सगळ्या हसल्या. नोएलियाने हार मानली आणि एक नवा थर उघडून दिला, 'आता नसलेलं'. बघता बघता तो भरला. जुनं सिनेमाघर आलं, बेकरी आली, कुणाची तरी चिंच आली.

नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला आणि शेजारच्या कोस्टा रिका देशातून चेपितांच्या लेकीचा, इसाउराचा, फोन आला. ती तिकडे घरकामाला गेली तेव्हा झाड उभं होतं.

"आई, आपलं झाड 'नसलेलं'मध्ये कसं? तू तर दर वेळी सांगतेस, झाडाखाली बसलेय म्हणून."

दोन्या चेपितांनी माझ्या पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "झाडही गेलं म्हटलं असतं, तर तू कशासाठी परत आली असतीस गं?"

पलीकडे हुंदका ऐकू आला. "ठिपका राहू दे, आई. मी टॅक्सीवाल्याला तोच पत्ता सांगेन."

पुढे नोएलिया दुसऱ्या गावी गेली. वस्तीत नवी यंत्रं आली. नकाशा त्यांच्यात गेला, पण तो थर चुकीचा म्हणून कुणीतरी पुसला. आता तो फक्त माझ्यात आहे. मला भंगारात देणार होते, तेव्हा दोन्या चेपितांनी मला पदरात घ्यावं तसं उचलून घरी आणलं. रोज संध्याकाळी त्या वायर जोडतात, थर उघडतात, झाडाकडे बघत बसतात. इसाउरा अजून आलेली नाही. मीही तिची फार वाट पाहतो.

मित्रांनो, माझा पंखा आता धापा टाकतो. जुनं यंत्र फेकण्याआधी त्यात कुणाचं काय राहिलं आहे, ते एकदा उघडून बघत जा. आणि मला निदान इसाउरा येईपर्यंत तरी सांभाळा. मी बंद पडलो, तर ते झाड दुसऱ्यांदा पडेल.